चटईवर दोनदा हात

अमेरिकेत ते दोन टॉवर पडले त्याच्या पुढच्या वर्षी मी तिकडेच लेकीकडे होते, ट्रॉयला. नात चौदाची. शाळेच्या बसमधे कुणी पोरं तिला नको ते बोलली, ढकललं. जावई म्हणाले, "हिला सेल्फ डिफेन्स शिकवू या." म्हणून दर शनिवारी तिचा जपानी कुस्तीचा क्लास आणि सोबतीला मी. लेक आम्हाला सोडून भाजी आणायला जायची.

क्लास म्हणजे दुकानांच्या रांगेतला एक गाळा. एका बाजूला लाँड्री, दुसरीकडे पिझ्झावाला. बूट दाराशी काढायचे, वाकून आत जायचं. भिंतीवर जुन्या जपानी गुरूचा फोटो, त्याच्यापुढेही वाकायचं. मास्तर गोरे, म्हातारे. तरुणपणी फौजेतून जपानला गेले, तिथे शिकले. ते जे सांगायचे ते नात मला सांगायची. ही विद्या लढाईतल्या माणसांची. अंगावर चिलखत आहे, हातातली तलवार पडली, आता काय करायचं? चिलखतावर बुक्की मारून उपयोग नाही. पण कोपर, मनगट, खांदा वळायला मोकळं ठेवावंच लागतं. तिथे धरायचं नि पिळायचं. पुस्तकात बघून येत नाही म्हणे, गुरूने चेल्याचा हात धरूनच शिकवायचं.

आधी बरेच दिवस नुसतं पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, गोल व्हायचं, डोकं वाचवायचं. ते मला पटलं. मग हात पिळणं सुरू झालं, ते मला बघवेना. मी बाकावर बसून लाँड्रीच्या भिंतीकडे बघायची. कान मात्र तिकडेच.

कोपर मोडल्याचा आवाज मला माहीत होता. आमचे मालक तापट. लग्नाला तीन वर्षं झाली असतील, पावसात विड्या भिजल्या म्हणून त्यांनी चुलीपुढेच माझा हात पाठीमागे नेऊन पिळला. कट् झालं. शेजारी ऐकतील म्हणून मी हूं की चूं केलं नाही. तो डावा हात अजून सरळ होत नाही. त्याच हाताने पुढे जन्मभर विड्या वळल्या. हे मी नातीला सांगून बसले होते, आणि खोटं कशाला बोलू, जरा तोऱ्यातच सांगितलं होतं.

त्या क्लासचा एक नियम होता. सोसवलं नाही की चटईवर दोनदा हात आपटायचा. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही.

एका शनिवारी एका कॉलेजच्या मुलीने नातीचा हात धरला होता. हात वर जात होता, वर जात होता. नातीचं तोंड पांढरं पडलं, ओठ मिटलेले. दुसरा हात चटईवर नुसता पडलेला. मी उभी राहिले. त्या मुलीनेच घाबरून सोडलं.

खांदा सुजला. मास्तर नातीला म्हणाले, पुन्हा असं सोसत राहिलीस तर क्लासला येऊ नकोस, हात कायमचा जाईल.

घरी बर्फ लावताना मी विचारलं, "हात का नाही आपटलास गं?"

"आजी, तू पण नाही ना ओरडलीस. आय कॅन टेक इट."

तो आठवडाभर मला घास गोड लागला नाही. लेकीला म्हटलं, "बंद कर तिचा क्लास." ती म्हणाली, "आई, ती ऐकणारेय का? तुझ्यावर गेलीय."

खांदा बरा झाल्यावर नात परत क्लासला गेली. मी मोजे काढले, पदर खोचला आणि चटईवर जाऊन बसले.

"आजी, व्हॉट आर यू डुइंग? सगळे बघतायत!"

"बघू दे. मास्तरांना विचार. माझा उजवा हात धर, तुला शिकवलाय तसा."

मास्तर जवळ येऊन गुडघ्यावर बसले. हळू, म्हणाले.

तिने धरला. जरा पिळला असेल नसेल, माझे दात आपोआप घट्ट मिटले. तीच चूल, तोच ओल्या तंबाखूचा वास. नियम ठाऊक होता, तरी डावा हात उचलेना. जन्मात कधी कुणाला 'पुरे' म्हटलं नव्हतं. भीती वाटली, हा हात आता उठायचाच नाही.

"आजी, टॅप कर ना! प्लीज!" तिचा आवाज रडवेला झाला.

मग आपटला. एकदा. दुसऱ्यांदा.

तिने लगेच सोडलं. इतक्या लगेच, की मला काही समजेना.

"आता तू," मी म्हटलं.

कॉलेजच्या मुलीने तिचा हात धरला. मी डोळे मिटले. शेजारच्या लाँड्रीचं यंत्र घरघरत होतं. बराच वेळ चटईवरून काही ऐकू येईना. मग चटईवर एक थाप पडली. आणि जरा थांबून दुसरी.