मामाची मान आणि गोल आरसे

आमच्या भागात एखादा माणूस वळण घेण्याआधी हनुवटी खांद्यावर नेऊन मागे बघताना दिसला, की समजायचं, हा माझ्या मामाचा विद्यार्थी. तीस वर्षं मामा गाडी शिकवतोय आणि तीस वर्षं त्याचा धडा एकच आहे. आरसा बघा, मान वळवा, मग वळा. आरशात न दिसणाऱ्या जागेला लोक ब्लाइंड स्पॉट म्हणतात, मामा म्हणतो आंधळा कोपरा. तिथे मान वळवून डोळ्यांनीच बघायचं, हा त्याचा कायदा. लोकांनी त्याचं नावच ‘मान वळवा मास्तर’ ठेवलं. एकदा दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला, तर तो खुर्चीत आडवा झाल्याबरोबर त्या म्हणाल्या, “मास्तर, मान वळवा.” त्याही त्याच्याच हाताखाली शिकलेल्या. मामा हा किस्सा आजही सांगतो आणि सांगताना स्वतःच आधी हसतो.

मी त्याची भाची. सहा वर्षं झाली, आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची दुसरी गाडी माझ्याकडे आहे. विद्यार्थ्यांसमोर मी त्याला ‘मास्तर, तुम्ही’ म्हणते आणि ते बाहेर पडले की ‘मामा, तू’ सुरू होतं. माझा स्वभाव तापट आहे असं मामा सगळ्यांना सांगत फिरतो. तो हट्टी आहे हे मात्र कुणाला सांगावं लागत नाही.

त्या हट्टाचा नमुना म्हणजे गोल आरसे. बरणीच्या झाकणाएवढे, जरा फुगीर, बाजूच्या मोठ्या आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायचे. मोठ्या आरशातून निसटतं ते त्यांत बऱ्यापैकी दिसतं. मागच्या वर्षी मी हौसेने डबाभर आणले. मामाने एक हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि टेबलावर ठेवून दिला.

“यात ट्रकचा डास होतो,” तो म्हणाला. “आणि डासाला कोण घाबरतं?”

“डास तरी दिसतो ना! मोठ्या आरशात तर काहीच दिसत नाही.”

“म्हणून तर मान दिली आहे. एकदा का या झाकणाची सवय लागली, की मान वळवायचे कष्ट कोण घेणार?”

मुद्दा अगदीच खोटा नव्हता, म्हणून मला जास्त राग आला. डबा खणात गेला. त्यातला एक आरसा मामीने तेवढा उचलला आणि स्वयंपाकघरात गॅसच्या वर भिंतीला चिकटवला. भांड्यात ढवळता ढवळता तिला पाठीमागचं दार आणि पलीकडचं फाटक दोन्ही दिसायला लागलं. वर्षभर त्या डब्याचा उपयोग करणारी ती एकटीच.

मग या वर्षी माशी शिंकली. एकाच महिन्यात मामाचे तीन विद्यार्थी परीक्षेत नापास झाले आणि तिघांच्याही कागदावर एकच शेरा, ‘मागे बघताना गाडी बाजूला ओढते.’ मामाचा विद्यार्थी मागे बघण्यात नापास! त्यांतल्या टेलरबाई तर दुसऱ्यांदा नापास झाल्या होत्या. ऑफिसात येऊन त्यांनी पर्स टेबलावर आपटली.

“मास्तर करतात अगदी तस्संच केलं मी. तरी म्हणे चुकलं!”

“तसंच म्हणजे कसं? दाखवा बरं,” मी म्हटलं.

त्या स्टुलावर बसल्या, हवेतलं स्टिअरिंग धरलं आणि मागे बघितलं. मान जागची हलली नाही. खांदे, छाती, कंबर असं सगळं एकगठ्ठा फिरलं, घरातलं कपाट कोपऱ्यात सरकवताना फिरवतात तसं. अर्थात हातही बरोबर फिरले. गाडी ओढणार नाही तर काय!

“मास्तरांची हीच पद्धत आहे,” त्या ठामपणे म्हणाल्या.

उरलेल्या दोघांना बोलावलं. दोघंही कपाटं. मला हसू आवरेना. ते तिघं गेल्यावर मी एकटीच हसत बसले होते आणि हसता हसता एकदम थांबले. पद्धत कुठली? मामाची मानच वळत नव्हती. आमच्या गाड्या वेगळ्या, म्हणून मला पत्ता नाही, आणि विद्यार्थी बिचारे दुखण्यालाच धडा समजून गिरवत होते.

दुसऱ्या दिवशी माझी गाडी गॅरेजमध्ये आहे अशी थाप मारून मी मामाच्या गाडीत मागे बसले. टेलरबाई चालवत होत्या, मामा शेजारी, पायाखाली त्याचा जादा ब्रेक. शाळेच्या कोपऱ्यावर डावीकडे वळायचं होतं. टेलरबाईंनी कपाट फिरवलं आणि त्याबरोबर गाडी डावीकडे सरकली. त्याच बाजूने सायकलवर पोस्टमन आला. मला तो दिसला. मामानेही अख्खं अंग फिरवलं, पण पट्टा छातीवर अडकला आणि तो मध्येच थांबला. मी ओरडले. मामाने ब्रेक दाबला. पोस्टमन वीतभर अंतरावरून पुढे निघून गेला आणि मामाला ओळखून लांबूनच हसत ओरडला, “काय मास्तर, मान वळवा!”

त्याने गंमत केली होती. मामाचा चेहरा मात्र कागदासारखा पांढरा झाला. त्याने गाडी सरळ ऑफिसकडे घ्यायला सांगितली.

टेलरबाई गेल्या आणि मी दार लावून घेतलं.

“मामा, मान डावीकडे वळव.”

“काय पोरखेळ आहे?”

“वळव म्हणते ना!”

त्याने आधी कॅलेंडर बघितलं, मग पंखा. मग मुकाट्याने मान वळवली. खिडकीच्या चौकटीपर्यंत गेली आणि अडकली.

“एवढीच,” तो म्हणाला. “वर्ष झालं.”

“सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? जगाला मान वळवा म्हणणाऱ्याची मान वळत नाही, असं? लोक हसले तर हसू देत गं. पण गाडीतली माझी सीट जाईल. मग सकाळी उठून मी करू काय?”

माझा राग कुठल्या कुठे गेला. मामा घाबरलाय हे मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही. तरी विचारायलाच हवं होतं.

“आणि पोस्टमन?”

त्याने टेबलाच्या कडेवर बोट फिरवलं. “तो मला दिसलाच नाही,” तो हळूच म्हणाला.

घरी मामीला पोस्टमनचं सांगून मानेबद्दल विचारलं, तर ती शांत. “मला माहीत नसायला काय झालं? वर्षभर फिरायला जाताना मी यांच्या उजव्या हाताला चालते. डावीकडून बोललं की ऐकू न आल्यासारखं करतात. ताकास तूर लागू द्यायचे नाहीत, म्हणून मीही काही बोलले नाही.”

एवढं बोलून ती आत गेली, गॅसवरचा आरसा सुरीने खरवडून काढला, पदराने पुसला आणि जेवायला बसलेल्या मामाच्या ताटाशेजारी ठेवला.

“मला वर्षभर यात फाटक दिसलं. तुम्हाला पोस्टमन दिसेल.”

मामाने आरशाकडे बघितलं. आरशात तोच होता, डासाएवढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणी न सांगता डॉक्टरांकडे गेला. मणके झिजले होते. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला, आरसे नीट लावून घ्या म्हणाले आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या कानावर घाला, असंही सांगितलं. मला वाटलं, हे शेवटचं मामा सोयीस्कर विसरेल. पण दुपारी तो इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभा होता. “चल,” म्हणाला. “एकट्याने गेलो तर वाटेतून परत येईन.”

साहेबांसमोर मामा बसला नाही. “तिघं नापास झाले तो दोष त्यांचा नाही, माझा आहे,” तो म्हणाला. “माझी मान अडकली आहे. ते माझं बघून शिकले. मी लपवलं, ही माझी चूक. आता तुम्ही म्हणाल तर सीट सोडतो.”

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी भिंतीवरच्या वाहतुकीच्या खुणा वाचायला लागले.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “सीट का सोडता? मान वळवायला कुणी दुसरं शिकवेल का?”

“ही शिकवेल,” मामाने माझ्याकडे बोट दाखवलं.

“झालं तर. डॉक्टरांचा कागद फाइलला लावा. आणि गोल आरसे बसवा गाडीला.” मग साहेब जरा घुटमळले. “माझ्या गाडीला ते दोन वर्षांपासून आहेत. तुम्ही बघाल म्हणून मी गाडी मागच्या गल्लीत लावतो, मास्तर.”

त्या संध्याकाळी मामाने स्वतःच्या हाताने आरसे चिकटवले. पहिला असा लावला की त्याला त्याच्या सीटवरून सगळा रस्ता दिसायचा आणि चालवणाऱ्याला नुसतं आभाळ. तो उपटून परत लावला. मग स्वतःसाठी डाव्या बाजूला एक वेगळा आरसा बसवला. आता तो त्यात असा टक लावून बघतो, की जणू त्यानेच हट्टाने मागवून लावून घेतला असावा.

मान वळवण्याचा धडा माझ्याकडे आला. मी विद्यार्थ्यांना स्टुलावर बसवते, दोन्ही हातांत स्टीलचं ताट स्टिअरिंगसारखं धरायला देते आणि ताटात पाण्याचा पेला ठेवते. हनुवटी खांद्यावर गेली पाहिजे, पाणी सांडता कामा नये. टेलरबाईंनी आमच्या ऑफिसात आठवडाभर पूर आणला आणि तिसऱ्या खेपेला पास झाल्या. मामाचा धडाही बदलला. मोठा आरसा बघा, छोटा आरसा बघा, तरीसुद्धा मान वळवा, मग वळा. छोट्यात डास दिसला की थांबा, तो डास नसतो.

परवा संध्याकाळी मी घरी येत होते. पुढे मामा आणि मामी फिरायला निघाले होते आणि वर्षानंतर पहिल्यांदा मामी मुद्दाम त्याच्या डाव्या हाताला चालत होती. ती काहीतरी बोलली. मामा थांबला. भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांसमोर त्याने खांदे, छाती, कंबर असं अख्खं कपाट तिच्याकडे फिरवलं आणि विचारलं, “काय म्हणालीस?”

मामी दोन पावलं मागे सरली. “म्हटलं, वळायच्या आधी इंडिकेटर तरी देत जा!”