बटनानं उठणारी गाडी

आमच्या तांड्यावरून पोरगं रोज कनेरगाव नाक्यावर जायचं अन् दिवसभर एका दुकानात बसून राहायचं. धाकटं लेकरू माझं, पण मिशा फुटलेलं. तिथं कंप्युटरवर गाड्यांचे गेम होते. आईला आमच्यात याडी म्हणत्यात. एक दिवस म्हणलं, "याडी, मला गाडी जमते आता. वाशिम रोडच्या जीपवाल्याला सांग, मला डायवर ठेव म्हणून."

जीपवाला माझ्या मालकाच्या, पोराच्या बापाच्या वळखीचा. माझ्या शब्दावर ठिवला असता. म्हणून म्या बघायला गेले, ह्याला काय जमते ते.

पोरानं त्याचा आवडता गेम लावला. गाडी भिताडाला धडकली, ठिणग्या उडाल्या, पुन्हा रस्त्यावर. टरकाला घासली, तरी पहिला नंबर. वळणावर ब्रेक मारायचाच न्हाई, गाडी आडवी घसरवायची. जितकी आडवी, तितकं बक्षीस. मंग नवी गाडी, नवं शहर. शहर केवढालं, पण रस्त्यावर ना शेळी ना म्हातारं.

"माणसं कुठं मेली रे?"

"याडी, गेम हाय तो!"

"व्हय, दिसून राहिलं."

दुकानदार हसला. "मावशी, खऱ्यावानी गेम बी हाय एक. पण त्याला कुत्रं विचारत न्हाई."

"लाव तोच."

त्यात एकच गोल रस्ता, बाकी कायबी न्हाई. सुरू व्हायच्या आधी टायरात हवा किती ते विचारते. पोरानं पहिल्या वळणाला तशीच दामटली. गाडी भवऱ्यावानी फिरली अन् गवतात गेली. पुन्हा लावली, पुन्हा गवतात.

"बेकार गेम हाय," पोरगं म्हणलं. "गाडी ऐकतच न्हाई."

"वळायच्या आधी कासरा ओढत्यात का वळल्यावर? आतला बैल दाबायचा, मंग बाहेरचा हाकायचा. एवढं बी ठाव न्हाई अन् म्हणे डायवर!"

पण तो शहाणा गेम बी तसलाच निघाला. गवतात गेली की बटन दाबायचं, गाडी धुतल्यावानी उभी.

माझे मालक ऊसतोडीला जाताना गेले. डायवरनं वळणावर टॅक्टर दामटला, ट्रॉली आडवी झाली. आमी समदे चिपाडावानी खाली पडलो. म्या उठले, ते उठले न्हाई. मंग म्या पुन्हा कोयता धरला. लेकरं होती खाणारी.

दुकानातून म्या सरळ जीपवाल्याकडं गेले. पोरगं मागं मागं, खुशीत.

"ह्याला डायवर ठिवू नको," म्या म्हणलं. "क्लीनर ठिव. मागं लटकू दे. वळणावर तू ब्रेक कवा दाबतो, ते ह्याच्या हाताला कळू दे."

"याडी, काहून पण?"

"तुझ्या मागं बसलेल्याला बटन न्हाई."

लई दिवस पोरगं तोंड फिरवून भाकर खायचं, अन् जायचं जीपला लटकायला.