दोन्ही कळ्या

माझी धाकटी बहीण वैशू छोट्या विमानातून एकटी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली, तेव्हा माझ्या श्रद्धेचा कस लागला. आमच्या घरात मी पहिली पदवीधर आणि ती पहिली वैमानिक. चाकणजवळच्या आमच्या गावात पारावर वडिलांची चेष्टा चालायची, "आप्पा, पृथ्वीचं ऱ्हाऊ द्या, पोरीला आधी चाकणच्या चौकातलं ट्राफिक वलांडू द्या." आप्पाही हसायचे. मी मात्र गावच्या टेकडीवरच्या देवीआईला रोज एकच मागणे मागायचे, तिला उंच ठेव.

त्या दिवशी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मोबाइल पाहिला. नकाशावर वैशूच्या विमानाचा ठिपका भर समुद्रात थांबला होता. तो पुढे सरकेचना; सिग्नल तुटला होता. मी हाफ-डे टाकला आणि निगडीच्या घरी न जाता थेट टेकडी गाठली. दुपारच्या उन्हात झाडाचे पानही हलत नव्हते.

गुरवमामांनी कौल लावला. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "वैशूला वर सुखरूप ठेव," मी विनवत राहिले. कळ्या हलल्या नाहीत.

"वर ठेव काय म्हंतीस, बयो? खाली येऊ दे म्हन."

मागे खांबाला टेकून एक अनोळखी म्हातारी बसली होती. कपाळभर कुंकू, आणि त्या रखरखीत टेकडीवर तिच्या केसांतून पाणी निथळत होते. "आजी, तिच्या खाली तर समुद्र आहे," मी मागे वळून सांगितले. शेवटी देवीसमोर डोळे मिटून म्हणाले, "आई, तिला खाली येऊ दे."

दोन्ही कळ्या एकाच वेळी पडल्या.

"असं कवा झालं न्हाई," गुरवमामा पुटपुटले. "आन् तू बोलत कुनाशी व्हतीस?"

खांबाशी कोणी नव्हते. ओली फरशी वाळत होती, आणि वाळली तिथे मिठाची पांढरी कड उमटत होती.

संध्याकाळी वैशूचा फोन आला. ती एका बेटावर उतरली होती. "तायडे, इंजिनात बर्फ धरला होता. ते गचके खात होतं, आणि खाली नुसतं पाणी. म्हणून मी हट्टानं उंची राखत होते. तेवढ्यात रेडिओवर कुणी तरी म्हणालं, 'वर नगं, खाली ये, बयो.' तिथं मराठी कोण बोलणार? तू होतीस का?"

ती खाली उबदार हवेत आली तसा बर्फ विरघळला आणि इंजिन सुरळीत झाले. उतरताना मात्र विमानाची चाके मोडली. प्रदक्षिणा अर्धीच राहिली.

आप्पा म्हणतात, उजवी कळी तिच्या जिवाची आणि डावी तिच्या प्रदक्षिणेची. मला एवढेच कळते, की मी हट्टाने मागत होते ते आईने दिले असते, तर आज वैशू नसती.

ती पुन्हा जायची तयारी करते आहे. मी टेकडीवर जाते, ओटी भरते. पण तिला वर ठेव की खाली, हे आता आईला सांगत नाही. फक्त वैशूचे नाव घेते आणि हात जोडते.