गहिनीनाथ दलाल आणि मुकं चित्र

घोडेगावच्या बाजारात गहिनीनाथ दलालाला न ओळखणारा बैल नसेल. समोर कुणीही आलं की हा रामराम करायच्या आधी त्याच्या दातांकडे बघणार. जनावराचं वय दातांवरून कळतं, आणि जन्मभर बैलांच्या जबड्यात डोकावून त्याची नजरच तिथं जाऊन बसलेली. आमच्या देवघरातल्या पितळी नंदीलाही त्यानं एकदा वाकून पाहिलं. म्हणाला, "वैनी, ह्याचे दात आलेच न्हाईत अजून." मी महादेवाची क्षमा मागितली.

याच खोडीनं त्याचं लग्न मोडलं. तरुणपणी तो आमच्या शेजारच्या मनकर्णेला बघायला आला होता. चार जाणती माणसं बसलेली, मनकर्णा खाली मान घालून पाटावर. कुणी तरी म्हणालं, मुलाला काय विचारायचं ते विचारू द्या. गहिनीनाथाला दरदरून घाम फुटला आणि जे रोज तोंडात तेच बाहेर पडलं, "तोंड उघडा बघू." एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण पुढं म्हणाला, "आता जरा चालवून दाखवा."

मनकर्णेच्या बापानं त्याला पायताण हातात घेऊन वेशीपर्यंत पोचवला. त्याची अब्रू गेलीच, पण पोरीची जास्त गेली. ती पाण्याला निघाली की टवाळ पोरं, बाजारात कोवळ्या खोंडाला म्हणतात तसं, "दोन दाती, दोन दाती" म्हणून ओरडायची. शेवटी तिला लांब जामखेडकडं दिली. गहिनीनाथानं पुन्हा मुलगी बघायला कुणाच्या दारात पाय ठेवला नाही, आपला बैलांत रमला.

गेल्या साली मनकर्णा भावाकडं परत आली. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. आमच्यात विधवेचा पाट लावायची, म्हणजे दुसरं लग्न करायची, रीत आहे. लगेच गहिनीनाथ आमच्या ओट्यावर हजर. "वैनी, तेवढं मनकर्णेला इचारता का?"

मी विचारलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. "आक्का, त्यानं मला गावासमोर बैल केलं. आता चुकलो म्हनायचं तं गावासमोर म्हन म्हनावं. मग बघू."

निरोप ऐकून गहिनीनाथाचं तोंड बारीक झालं. बाजारात दिवसभर बोंबलणारा माणूस, पण हे दोन शब्द काही त्याला चार लोकांत काढता येईनात. महिना गेला.

मग दिलावरभाईंचा सिनेमाचा तंबू बाजारतळावर आला. देवाचं चित्र आहे अशी दवंडी होती. मी एकादशी सोडून, ताटात हळदकुंकू न् नारळ घेऊन गेले, चपला बाहेर काढून बसले. मनकर्णेलाही आग्रहानं नेलं. तर दिलावरभाई हात जोडून पुढं, "वहिनी, देव काय बोलणार नाही आज. आवाजाचं यंत्र जळालं. वडिलांच्या वेळचं मुकं चित्र हाय पेटीत, ते लावतो. पर गोष्ट सांगायला खड्या आवाजाचा माणूस पायजे."

सगळ्या तंबूनं एकाच नावाचा गिल्ला केला.

गहिनीनाथ काठी घेऊन पडद्याशेजारी उभा राहिला. चित्रातल्या मजकुराच्या पाट्या झिजून गेलेल्या, आणि नसत्या झिजल्या तरी याला कुठं वाचता येतं! पडद्यावर एक नाजूक बाई बागेत आली. हा सुरू झाला, "ही बगा मंडळी, सुमन! चाल झकास, कातडी मऊ, दाताला चार, खोड काय न्हाई..."

पुरुषांची बाजू हसून लोळली. मनकर्णा उठून उभी राहिली. मी पदर धरून तिला खाली ओढलं, "बस गं, हळदकुंकू सांडेल."

चित्रातला नायक लोकांचं ऐकून सुमनला भर सभेत नावं ठेवतो. ती देशोधडीला लागते. मग त्याचीही फजिती होते, गावच्या पायऱ्यांवर बसून भीक मागतो, दाढी छातीपर्यंत. शेवटी ती भेटते. तो गुडघ्यांवर येतो, हात जोडतो. आणि गहिनीनाथ, त्याच्या तोंडी घालायचं म्हणून बोलला, "मनकर्णे, चुकलो गं. अख्ख्या गावासमोर सांगतो, चुकलो."

तंबूतली सगळी मुंडकी मनकर्णेकडं वळली. बैलसुद्धा बाहेर रवंथ करायचे थांबले असतील.

पडद्यावर सुमनचे ओठ हलू लागले. ती काही तरी बोलत होती, आणि गहिनीनाथ काठी धरून गप्प. तिच्या तोंडी काय घालावं ते त्याला कसं कळणार? ओठ हलतायत, हलतायत.

बायकांच्या बाजूनं आवाज आला, "आधी तोंड उघड."

मनकर्णाच होती. गहिनीनाथ मुकाट्यानं यंत्राच्या उजेडात आला आणि त्यानं आ वासला. सुमनचं अर्धं तोंड त्याच्या टकलावर पडलं होतं.

"चार पडल्यात," मनकर्णा म्हणाली. "आता जरा चालून दाखव."

आणि तो चालला हो! पडद्यापुढनं इकडून तिकडं, तिकडून इकडं, शेपटीच तेवढी नव्हती. हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

"आक्का," मनकर्णा माझ्याकडं वळून म्हणाली, "भावाला सांगा माज्या. चालतंय म्हनावं."

दिलावरभाईंनी यंत्र थांबवलं. "पुढं बाई नदीत उडी मारते. दाखवू का?"

"खबरदार!" सगळ्या बायका एकदम ओरडल्या.

देवासाठी नेलेला नारळ मग मी तिथंच फोडला. देवाला काय, त्याची माणसं जुळली की पोचलं. सगळ्यांना खोबरं वाटलं. गहिनीनाथाला तेवढं किसून दिलं.