दोन सुतांनी मोठं तबक

लग्न होऊन कोल्हापूरकडच्या गावातून वर्ध्याला आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. नवरा रेल्वेत पॉइंटमन, बोरगाव मेघेत एक खोली. माहेर चपला करणाऱ्यांचं. चौथीत माझी शाळा सुटली, कारण घरात चपलेच्या पट्ट्यांना वेणी घालायला हात कमी पडत होते. वर्ध्याबाहेरच्या चामड्याच्या कारखान्यात मला तेच काम मिळालं. आम्ही बायका ओसरीवर बसून वेण्या घालायचो. चामडं कापणं, साच्यावर घडवणं हे सगळं आत, पाटावर चालायचं आणि पाटावर पुरुष बसायचे. मला आत जायचं होतं, पण तसं म्हणायची छाती नव्हती. खोलीला कुलूप लावलं का ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत फिरणारी बाई मी.

पंचावन्नचा उन्हाळा असेल. देवळीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी एक सागवानी टेबल करायला दिलं होतं. त्याच्या वरच्या फळीत मधोमध चौकोनी खण, खणाच्या तळाला बोट जाईल एवढं भोक, आणि खणात चामड्याचं तबक बसवायचं. म्हणजे बाटल्या घसरणार नाहीत, खणखणणार नाहीत, आणि तबक उचलून रोग्याच्या खाटेपाशी नेता येईल. टेबल कारखान्याच्या सुतार मिस्त्रींनी हातानं केलं होतं, आणि त्याच्यावर कोणी नुसता हात फिरवला तरी ते बघत राहायचे. तबक ज्यानं करायचं तो कारागीर लग्नासाठी आर्वीला गेला तो तिकडेच तापानं पडला. कारखान्याचे प्रमुख, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, ओसरीवर येऊन नुसतेच म्हणाले, "आता कोण करणार?"

"मी करते," मी म्हटलं. म्हटल्यावर माझे मलाच कान गरम झाले.

काकांनी मला नीट न्याहाळलं. "जमलं तर पाटावर बसायचं. नाही जमलं तर वेणी आहेच. पण चामडं एवढं एकच आहे, नीट ऐक. बाभळीच्या सालीत पकलेलं पाठीचं चांगलं चामडं होतं, त्याचा हा शेवटचा तुकडा. पुढचा माल कुंडीतून निघायला महिना जाईल. नर्सबाई सोमवारी येतील."

तो शुक्रवार होता.

साचा मिस्त्रींनी करायचा होता. तबकाच्या पोटाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, त्याच्यावर ओलं चामडं ओढून वाळवायचं, की झालं तबक. मिस्त्रींनी विचारलं, "किती मोठा करू वो?"

"खणाएवढा."

"खणाएवढाच?"

"अगदी खणाएवढाच. केसभर कमी नको न् जास्त नको," मी ठसक्यात सांगितलं. भ्यालेलं माणूस जास्तच ठसक्यात बोलतं.

चामडं भिजवलं, गालाला लावून पाहिलं, गार आणि मऊ लागलं तेव्हा साच्यावर ओढलं. मिस्त्रींनी मूठभर लोखंडी चुका पुढे केल्या. मी म्हटलं, "लोखंड नको वो. ओल्या चामड्याला लोखंड लागलं की काळं पडतंय." कुंपणाच्या बाभळीचे काटे आणून मी कडा साच्याला टोचून बसवल्या. शिंगाच्या पट्टीनं कोपऱ्यांतल्या चुण्या दाबून दाबून जिरवल्या. पाटावरचे दोघे उठून बघायला आले. "वा," एकजण म्हणाला. 

शनिवारी दुपारी तबक साच्यावरून निघालं. चारी कोपरे तलवारीसारखे. मी ते टेबलाच्या खणावर ठेवलं आणि दाबलं. जाईना. पुन्हा दाबलं. तबक खणाच्या काठावर बसून राहिलं, एखाद्या रुसलेल्या जावयासारखं.

मिस्त्रींनी पट्टी लावली. "दोन सूत मोठं आहे. माह्या साच्यात काई खोट नाई, मोजून पाह्य."

खोट साच्यात नव्हतीच, माझ्यात होती. आमच्या सात पिढ्या चपला करत आल्या. आम्ही पाय मोजतो, आणि पाय आत असतो. चपलेला बाहेरून कधी कोणी मोजलंय? मी तबकही तसंच आतून मोजलं. साचा खणाएवढा, त्याच्यावर या बाजूला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, चामडं, त्या बाजूला एक सूत. झाले दोन सूत. शेंबड्या पोराला कळेल असा हिशोब, पण चपलाकाराच्या लेकीला कळला नाही.

मी तिथंच लाकडाच्या भुश्यात बसले. काका नागपूरला गेले होते, सोमवारी सकाळी येणार होते. मला ओसरी दिसायला लागली, तिथल्या बायका, आणि जन्मभराच्या वेण्या.

"काऊन बसली वो अशी? कोणी मेलं का?" मिस्त्री म्हणाले.

"चामडं न्हाई दुसरं."

"चामडं नाई, पण साचा तं आहे ना? लाकूड कमी करता येते, वाढवता येत नाई. तुह्यं नशीब चांगलं, का तू मोठा सांगितला." आणि विचारल्याशिवाय त्यांनी साचा फळीला अडकवला. चारी बाजूंनी एकेक सूत उतरवला, एकही धार वाकडी न करता. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला रविवारची सुटी होती. तरी ते सकाळीच आले. साचा माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तुह्यं तू पाह्य."

प्रश्न असा होता की एकदा ताणलेलं चामडं मागे येईल का? आमच्याकडे चामडं सावलीत, सावकाश वाळवतात. वडील म्हणायचे, घाईनं वाळलं की आकसतं. वर्ध्याला आल्यापासून मी इथल्या उन्हाला रोज शिव्या देत होते, धुतलेलं लुगडं दोरीवर टाकेपर्यंत वाळतं म्हणून. त्या रविवारी पहिल्यांदा मला वाटलं, आकसू दे की. आकसायलाच तर हवंय.

तबक पुन्हा कोमट पाण्यात भिजवलं. लहान केलेल्या साच्यावर घातलं, फडक्याची पट्टी आणि वरून सुतळी आवळून गुंडाळली. मग दारात, ऊन अंगावर येणार नाही पण झळा लागतील अशा जागी ठेवलं. पाऊण तासानं सुतळी सैल झाली की पुन्हा आवळायची. फार कडक झालं तर तडकेल म्हणून मधूनमधून जवसाच्या तेलाचा हात. जेवायला गेले नाही. मिस्त्रींच्या घरून ज्वारीची भाकर आणि ठेचा आला, तो एका हातानं खाल्ला.

सोमवारी काका आले, पाठोपाठ देवळीच्या बसनं नर्सबाई. मी सुतळी त्यांच्यासमोरच सोडली. आधी बघून घ्यायचा धीरच झाला नव्हता. तबक साच्यावरून काढलं, रापीच्या पात्यानं वरची कड सारखी केली आणि खणावर ठेवलं.

ते आपणहून खाली गेलं. खालची हवा तळाच्या भोकातून हळूच फुसकन निघाली.

कोणी बोलायच्या आत मिस्त्रींनी टेबल दोन्ही हातांनी उचललं आणि उलटं केलं. मी किंचाळलेच. तबक पडलं नाही. त्यांनी टेबल हलवलं, तरी नाही. मग तळाच्या भोकातून बोट घालून ढकललं, तेव्हा कुठे ते त्यांच्या हातात आलं.

"पाहा काका," ते म्हणाले, "माह्या टेबलाले धरून बसलं. लेकीनं केलं."

दोन सुतांचं त्यांनी नाव काढलं नाही. मीच सांगितलं, पहिल्यापासून सगळं, कारण ते सांगितल्याशिवाय माझं मला खरं वाटलं नसतं. नर्सबाई हसल्या, म्हणाल्या, "म्हणजे हे दोनदा केलेलं आहे. मग तर पक्कंच." काकांनी कोपऱ्यातल्या चुण्या शोधल्या. एकही सापडली नाही.

"उद्यापासून पाटावर बस," ते म्हणाले.

"आजपासून का नको?" मी म्हटलं.

मिस्त्री एवढ्या मोठ्यानं हसले की ओसरीवरच्या बायका दारात आल्या. मी त्यांच्यादेखत आत गेले, रिकाम्या पाटावरचा भुसा पदरानं झाडला आणि बसले.