उभ्या उभ्या गंजलेलं इंजिन

लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्या त्या छोट्या विमानांचं इंजिन टिकतं तरी किती?" मी विमानांच्या देखभालीची इंजिनिअर. नाशिकजवळच्या एका लहानशा धावपट्टीवर काम करते, त्यामुळे प्रश्न साहजिक आहे. उत्तरही अवघड नाही. बनवणारे साधारण दोन हजार तास सांगतात. नियमित उडणारं, वेळेवर तेल बदललेलं इंजिन तेवढे तास आरामात काढतं. आमच्याकडचं शिकाऊ विमान नवशिकी पोरं दिवसभर धावपट्टीवर आपटत असतात, तरी त्याचं इंजिन म्हातारपणीही ठणठणीत आहे.

पण हा प्रश्न कानावर पडला की मला एक दुसरंच इंजिन आठवतं आणि माझं डोकं तापतं. ते चारशे तासही न भरता गेलं. कुणी त्याचे हाल केले नव्हते. उलट लाडच फार झाले होते.

विमान होतं लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचं. चार माणसांचं, एका इंजिनाचं, पांढरंशुभ्र. शेठ तसे मोकळ्या मनाचे. हँगरवर आले की सगळ्यांना चहा आणि चिवडा. उडवायला त्यांनी सैन्यातून निवृत्त झालेले एक कॅप्टन ठेवले होते आणि देखभालीचं काम माझ्याकडे दिलं होतं. पहिल्या वर्षी विमान बऱ्यापैकी उडलं. मग नव्याची नवलाई संपली. आठवड्याच्या फेऱ्या महिन्यावर आल्या आणि पावसाळा लागल्यावर त्याही बंद झाल्या.

बंद झालं ते उडणं. इंजिन मात्र दर रविवारी सुरू व्हायचं. शेठ पाहुणे घेऊन यायचे. कॅप्टन आत बसायचे, पंखा गरगरायचा, पाहुणे मोबाइल काढून शूटिंग करायचे. दहा मिनिटांनी इंजिन बंद.

"बघा मॅडम, आपण किती जपतो," शेठ म्हणायचे. "एक रविवार चुकवत नाय."

मी पहिल्याच रविवारी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "शेठ, हे जपणं नाही. इंजिन चाललं की त्यात पाणी तयार होतं. विमान हवेत तासभर राहिलं तर तेल चांगलं तापतं आणि ते पाणी उडून जातं. जमिनीवर दहा मिनिटांत तेल जेमतेम कोमट होतं. पाणी आतच राहतं, गंज धरतो. एक तर आठवड्याला तासभर उडवा, नाहीतर मला सांगा, मी इंजिन नीट सील करून ठेवते. मग त्याला हात लावायचा नाही."

"सील केल्यावर पाहुण्यांना काय दाखवू?"

"तुमच्या कांद्याच्या चाळीत ओल शिरली तर काय होतं?" मी विचारलं. "कांदा वरून चांगला दिसतो, आतून जातो."

शेठ मोठ्यानं हसले. "इंजिन म्हणजे काय कांदा हाय का, मॅडम!"

पाहुणेही हसले. कॅप्टन हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. नंतर एकटे भेटले तेव्हा म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण जाऊ द्या, त्यांचं विमान आहे." मला शेठपेक्षा कॅप्टनांचाच जास्त राग आला. शेठना ठाऊक नव्हतं. यांना ठाऊक होतं. हेच वाक्य त्यांनी पाहुण्यांसमोर उच्चारलं असतं तर शेठनी ऐकलं असतं. मिशीवाल्या कॅप्टनचं ऐकतात. हातमोजे घातलेल्या बाईचं ऐकून हसतात.

मी दर महिन्याला सांगत राहिले, तोंडी आणि मेसेज करूनही. उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र यायचं. दसऱ्याला शेठ झेंडूचा जाडजूड हार घेऊन आले, पंख्याला घातला, नारळ फोडला, हार उतरवून पुन्हा दहा मिनिटं इंजिन चालवलं.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचा साखरपुडा ठरला. शेठनी फोन केला. आवाजात लाडू फुटत होते. "मॅडम, मांडवावर विमानातून फुलं टाकायची. परवानगीचं मी बघतो. तुम्ही फक्त विमान तयार ठेवा."

इतके दिवस उभं असलेलं विमान तपासल्याशिवाय मी सोडणार नव्हतेच. तेल काढलं, फिल्टर उतरवला, कापला. आतला घडीचा कागद उलगडून उन्हात धरला. तो चमकत होता. चिमूटभरच, पण ती चमक नको तिथली होती. चुंबक फिरवलं, कण टपाटप चिकटले. म्हणजे पोलाद. इंजिनाच्या आतलं काहीतरी झिजून तेलात येत होतं.

मी शेठना सांगितलं, विमान उडणार नाही.

ते तासाभरात हँगरवर हजर. "अहो, एवढीशी भुकटी! दहा मिनिटांचं काम हाय. जायचं, फुलं टाकायची, यायचं."

"खाली मांडव असेल, शेठ. मांडवात माणसं असतील. तुमची मुलगी असेल."

"अपशकुनी बोलू नका. रविवारीच तर चालवलं, एका फटक्यात चालू झालं. कॅप्टन, तुम्ही सांगा."

कॅप्टनांनी फिल्टरचा कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला. त्यांच्या "जाऊ द्या"ची मला इतकी सवय झाली होती की तेच ऐकू येणार, अशी खात्री होती.

"मी नाही नेणार," ते म्हणाले.

"त्या म्हणतात म्हणून?"

"हो. त्या म्हणतात म्हणून. आणि मलाही दिसतंय म्हणून."

शेठ तडक निघून गेले. साखरपुडा फुलांविना झाला. नंतर त्यांच्याच एका नातेवाइकाकडून कानावर आलं की मांडवात शेठ ज्याला त्याला सांगत होते, "चांगलं विमान होतं, बाईच्या हाती दिलं आणि वाट लागली." ते ऐकलं त्या दिवशी मी पंचवटीत भाजी घेत होते. हातातली मेथीची जुडी तशीच ठेवून घरी आले. पंधरा वर्षं या कामात आहे. या पंधरा वर्षांत माझ्या सहीनं सुटलेलं एकही विमान वाटेत बंद पडलेलं नाही. पण "बाईच्या हाती" म्हटलं की लोकांना पुढचं काही विचारावंसंच वाटत नाही.

इंजिन उघडायच्या दिवशी मी हट्टानं शेठना बोलावून घेतलं. सिलिंडर उतरवले आणि टॉर्च त्यांच्याच हातात दिला. आतला दांडा, झडपांची उघडझाप करणारा, इंजिनात वरच्या बाजूला असतो. विमान उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल खाली ओघळून जातं आणि तो उघडा पडतो. त्याच्यावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे पडले होते. एका जागी तर कडाच झिजून गोल झाली होती.

शेठ वाकून बघत राहिले. चिवडा, हसणं, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं. मग मान वर करून ते मला म्हणाले, "मंग तुम्ही हे आधी का नाय सांगितलं?"

हातातला पाना मी इतक्या जोरात ट्रेमध्ये ठेवला की कॅप्टन दचकले. शेवटी त्यांनीच सांगितलं, "शेठ, त्यांनी सांगितलं होतं. दर महिन्याला. आपणच ऐकलं नाही. मीही नाही."

शेठनी टॉर्च माझ्या हातात परत दिला. माफी वगैरे काही मागितली नाही. इंजिन दुरुस्तीला बाहेर गेलं, आणि मी त्यांना सांगून टाकलं की आता दुसरा इंजिनिअर बघा. त्यांनी बघितला.

गेल्या महिन्यात कॅप्टनांचा फोन आला. विमान आता दर आठवड्याला उडतं. शेठ स्वतः शेजारच्या सीटवर बसून सटाण्यापर्यंत जाऊन येतात. मला बरं वाटलं. तेवढ्यात कॅप्टन हसत म्हणाले, "आणि पाहुण्यांना काय सांगतात माहितीये? 'इंजिन उभं ठेवलं की मरतं, उडवलं की टिकतं. कांद्यासारखं हाय, ओल लागली की आतून जातं. हे मी अनुभवानं शोधून काढलं.'"

"त्यांनी शोधून काढलं?"

"असं सांगतात खरं."

मी इतकी चिडले की क्षणभर फोनच ठेवून देणार होते. मग म्हटलं, इंजिनाला काय, कुणाच्या नावावर उडतंय याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

"त्यांना म्हणावं," मी कॅप्टनांना सांगितलं, "तेलही वेळेवर बदला. हेसुद्धा तुम्हीच शोधून काढा."