शटरच्या पट्टीतला खिळा

आमच्या गॅरेजचं शटर कसं वापरायचं, याचे नियम मी स्वतः कागदावर लिहून भिंतीला चिकटवले होते. शटर चालू असताना खालून जायचं नाही. बटण दाबल्यावर शटर पूर्ण थांबेपर्यंत नजर हलवायची नाही. मुलगी त्या कागदाला 'पापा का संविधान' म्हणायची आणि बायको त्याच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. तो कागद चष्मा लावून, मनापासून वाचणारी घरात एकटी माझी आई होती. शटरखाली सापडली तीच, आणि नियम मोडला होता मी.

मोटर बसवली तीही आईसाठीच. रायपूरला अभनपूर रोडकडे घर बांधलं तेव्हा शटर हाताने ओढायचं होतं. एकदा आम्ही कोणी नसताना तिने ते ओढायला घेतलं, हातातून सुटलं आणि तिच्या पावलाच्या चार बोटं अलीकडे धाडकन आदळलं. तिने ते हसत हसत सांगितलं. माझी मात्र पाचावर धारण बसली. आठवड्याच्या आत पंडरीहून मिस्त्री बोलावला. त्याने मोटर लावली आणि दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर एकेक छोटा डोळा बसवला. त्या डोळ्यांच्या मधे काही आलं की खाली येणारं शटर थांबायचं आणि परत वर जायचं. "महीने में एक बार डिब्बा रखके चेक कर लेना, भैया," एवढं सांगून तो गेला. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रिकामा खोका मधे ठेवून सगळ्यांना बोलावून तपासणी करायचो. एखाद्या पूजेचा थाट असायचा, बायको म्हणायची.

डोळ्याची तार भिंतीवरून खाली आली होती. मिस्त्री तिच्यावर पांढरी प्लास्टिकची पट्टी लावत होता. मला ती बरी दिसेना. मी सागवानी पट्टी करून घेतली, पॉलिश केलेली. मिस्त्री "प्लास्टिक ही ठीक है" म्हणत राहिला. मी ऐकलं नाही. घर माझं होतं, हौसही माझीच.

आता खिळ्याचं सांगतो. आषाढी अवसेला आमच्याकडे जिवती असते. आई लेकरांच्या रक्षणासाठी जिवतीच्या कागदाची पूजा करते आणि लेकरांना ओवाळते, मग लेकरू पन्नाशीचं असलं तरी चालतं. त्याच दिवशी इथल्या लोकांची हरेली. घराला कसली बाधा होऊ नये म्हणून दाराला कडुलिंबाची डहाळी खोचतात आणि पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, लोहार येऊन चौकटीत एक खिळा मारून जातो. आई भंडाऱ्याहून लग्न होऊन रायपूरला आली आणि पहिल्याच वर्षी तिने हे उचललं. गुढियारीत आमचं भाड्याचं घर होतं, बाबा रेल्वेत होते. त्या घराच्या चौकटीत खिळ्यांची रांगच झाली होती. शाळेत असताना मी ते बोटाने मोजायचो. दर वर्षी एक, म्हणजे आम्ही एक वर्ष सुखरूप काढलं.

नव्या घरात लाकडी चौकटच नाही. सगळी दारं ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी. पहिल्या हरेलीला लोहार खिळा हातात घेऊन घराभोवती फिरला आणि नुसती डहाळी खोचून गेला. आई वर्षभर हळहळत होती. दुसऱ्या वर्षी तिला जागा सापडली, माझी सागवानी पट्टी. अख्ख्या पुढच्या बाजूला लाकूड तेवढंच होतं.

मी ऑफिसात होतो. संध्याकाळी आईने कौतुकाने दाखवलं, "पाह्य, कसा बसला खिळा. आता तुह्या मोटरचीही काळजी नाही." माझ्या महागड्या पॉलिशला भोक पडलं म्हणून मी कुरकुरलो. त्या पट्टीमागे काय आहे, हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं आणि माझ्या डोक्यात आलं ते पॉलिश.

पुढच्या रविवारी तपासणी होती. पाऊस कोसळत होता. म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी मी गाडी बाहेर काढली, रिमोट दाबला आणि रस्त्याकडे मान वळवली. उशीर झाला होता. शटर स्वतःला सांभाळेल, त्याला डोळे आहेत, हा माझा भरवसा. शटरच्या चौकटीवरची हरेलीची डहाळी वाऱ्याने खाली पडली होती. ती पायदळी जाऊ नये म्हणून आई उचलायला वाकली. शटर खांद्यावर आलं, ती खाली बसली, आणि उजवा हात शटरखाली राहिला. ते थांबलं नाही. मी उलटं बटण दाबेपर्यंत जो वेळ गेला तो मला अजून मोजता येत नाही.

मनगटाची आणि पंजाची हाडं मोडली. ऑपरेशन झालं, आत धातूच्या पट्ट्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, मूठ पूर्ण मिटणार नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, "बटण मीच दाबलं न बाई. दाबलं अन् मीच खाली गेली. म्हातारपण, दुसरं काय." मी बाजूला खुर्चीवर बसलेला असायचो. पहिल्यांदा तोंड उघडलं तर तिने डोळ्यांनी दटावलं. नंतर मी उघडलंच नाही. खोटं वाटेल, पण मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटायची.

तिला घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. ती पुढच्या खोलीत औषधाने झोपली होती, असं मी धरून चाललो. मिस्त्रीने पट्टी उचकटली आणि पक्कडीने खिळा उपसून माझ्यासमोर धरला. "ये कील किसने ठोकी, भैया?" खिळ्याने दोन तारा एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. त्यामुळे मधे कोणीही उभं असलं तरी मोटरला कळत होतं ते एवढंच, की रस्ता मोकळा आहे. खोका ठेवून पाहिलं असतं तर एका मिनिटात उघड झालं असतं.

मी खिळा खिशात घातला. त्याच दुपारी आई म्हणाली, "खिळा होता म्हणून हातावर निभावलं, बाबू. डोक्यावर आलं असतं तर?" खरं सांगावं तर माझी चूक तिच्या माथी मारल्यासारखं होतं, आणि तिच्या आयुष्यभराच्या खिळ्यांची माती होत होती. न सांगावं तर ती पुढच्या हरेलीला परत लोहाराला बोलावणार. वर्षभर मी या दोन्हींच्या मधे अडकून बसलो. तपासणी तेवढी आता रोज करतो, ऑफिसला जाण्याआधी. कोणाला बोलावत नाही.

शेवटी मला सुचलं ते एवढंच. सुताराकडून सागवानाची एक हातभर फळी आणवली आणि तारेपासून लांब, दाराच्या दुसऱ्या अंगाला ठोकून घेतली. तिच्यामागे नुसती वीट. मारा म्हटलं काय मारायचे ते खिळे.

यंदा हरेलीला मी रजा काढली. लोहार आला. "एसो कहाँ ठोंकँव, दाई?" यंदा कुठे ठोकू, असं तो विचारत होता. मी लगबगीने फळी दाखवली. आईने फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एसो नको, भैया," ती म्हणाली.

"काबर, दाई?" त्याने कारण विचारलं.

तिने सूपभर तांदूळ त्याच्या झोळीत ओतायला बायकोला खुणावलं. लोहाराने खिळा पिशवीत परत टाकला आणि तो गेला. मला हायसं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

"आई, बटण मी दाबलं होतं. मागे न पाहता."

"हव. अन् खिळा मी मारवला होता." ती शांतपणे म्हणाली. "मिस्त्रीनं उपटला तवा मी खिडकीतून पाहून राहिली होती."

"मग बोलली काहून नाही?"

"तू काहून नाही बोलला?"

ती आत गेली, मी मागोमाग. जिवतीसमोरचं ओवाळणीचं ताट तिने डाव्या हाताने उचललं. उजव्याने धरायला गेली तर बोटं मिटेनात, ताट कलंडलं आणि दिव्यातलं तेल काठाशी आलं. मी पुढे होऊन ताट खालून धरलं. "सोडू नको," ती म्हणाली आणि तिने आपला वाकडा पंजा माझ्या हातावर ठेवला. तिच्या हातात जोर नव्हता. ताट मीच फिरवत होतो, माझ्याच तोंडाभोवती, आणि ती पुटपुटत होती की माझ्या लेकराला सुखरूप ठेव.